हायड्रोजन बस आणि नागपूर: डेपो, इंधन आणि उन्हाळा यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हायड्रोजन बस म्हटलं की सगळे बसबद्दल विचारतात: दिसते कशी, किती धावते, फुटणार तर नाही ना. बस हा यातला सोपा भाग आहे. खरं काम डेपोच्या कुंपणाआड असतं. हायड्रोजन कुठून येणार, कुठल्या विजेवर तयार होणार आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता तो टाकीत कसा भरणार, हे तिथे ठरतं. म्हणून खालच्या उत्तरांतही झुकतं माप इंधनालाच दिलं आहे.

फ्युएल सेल म्हणजे इंजिनच का?

नाही. फ्युएल सेल हायड्रोजनपासून थेट वीज बनवतो, त्यात काही जळत नाही. एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवा. मध्ये एक पातळ पडदा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा सूक्ष्म थर. प्लॅटिनमवर हायड्रोजनचा रेणू फुटतो. प्रोटॉन पडद्यातून पलीकडे निघून जातात, इलेक्ट्रॉनला मात्र पडदा अडवतो, म्हणून ते तारेतून वळसा घेतात. त्या वळशावर मोटर चालते. पलीकडे ऑक्सिजनशी गाठ पडली की पाणी तयार होतं.

एक सेल लोडवर जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्ट देतो. त्यामुळे काहीशे सेल एकावर एक रचून घट्ट आवळतात. ही थप्पी म्हणजे स्टॅक. बारा मीटरच्या बसला साधारण ६० ते १०० किलोवॅटचा स्टॅक पुरतो, कारण जोडीला बॅटरी असते. सिग्नलवरून उचल घेताना किंवा रामझुला पुलाच्या चढावर लागणारा जास्तीचा जोर बॅटरी देते, ब्रेक लागला की तीच वीज परत घेते. स्टॅकला झटके बसू न देता त्याला संथ चालू ठेवणं हे त्याचं आयुष्य वाढवण्याचं मुख्य सूत्र आहे.

मग ती इलेक्ट्रिक बसच झाली की?

हो. मोटर, इन्व्हर्टर, उच्च व्होल्टेजची नारिंगी केबल, ब्रेकमधून परत येणारी वीज, सगळं तेच. नागपूरच्या ‘आपली बस’ या शहर बससेवेच्या ताफ्यातल्या इलेक्ट्रिक गाड्यांवर काम केलेल्या मेकॅनिकला निम्मी गाडी ओळखीची वाटेल. उरलेली निम्मी, म्हणजे छतावरचे सिलिंडर, गॅसच्या नळ्या, स्टॅक, हवेचा कॉम्प्रेसर आणि दोन-तीन वेगवेगळी कूलिंग सर्किट, नव्याने शिकावी लागेल.

टाकीत किती मावतं आणि बस किती धावते?

बसमध्ये हायड्रोजन ३५० बारवर साठवतात (सीएनजी आपण २०० बारवर भरतो). छतावर कार्बन फायबरचे पाच-आठ सिलिंडर, त्यांत मिळून ३० ते ४० किलो. ३५० बारवरही एका लिटर जागेत फक्त २४ ग्रॅम हायड्रोजन बसतो, म्हणून छप्पर भरून जातं.

बारा मीटरच्या बसला १०० किलोमीटरला ८ ते १० किलो लागतो असा युरोपातला जुना अनुभव. नव्या गाड्या त्याहून कमीत चालतात. नागपुरात मात्र एसी धरायलाच हवा. एसी सरासरी १० किलोवॅट ओढत असेल आणि शहरात बस ताशी १६ किलोमीटर सरकत असेल, तर किलोमीटरमागे ०.६ युनिट नुसत्या गारव्याला जातात. एक किलो हायड्रोजनमधून स्टॅक १६-१७ युनिट वीज देतो. म्हणजे १०० किलोमीटरला जवळपास साडेतीन किलो हायड्रोजन एसीचा. म्हणून नियोजन करताना १०० किलोमीटरला १० किलोच धरावेत. हिवाळ्यात उरलं तर उरलं. सिलिंडर तळापर्यंत रिकामे करायचे नसतात, त्यामुळे ३५ किलोच्या गाडीला ३०० किलोमीटर ही भरवशाची मर्यादा समजावी. माहितीपत्रकात यापेक्षा मोठा आकडा असतो.

बसमधून निघणारं पाणी पिता येतं का?

एक किलो हायड्रोजनमागे ९ लिटर पाणी तयार होतं, पण त्यातलं बरंचसं वाफ होऊन हवेत जातं. उरलेलं नळ्यांमधून फिरून येतं. पिऊ नये.

नागपूरच्या उन्हाळ्यात ही बस टिकेल का?

हा प्रश्न विक्रेत्याला सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि उत्तर लेखी घ्यायला हवं.

डिझेल इंजिन आपली बरीचशी उष्णता सायलेन्सरमधून बाहेर फेकतं. फ्युएल सेलला ती सोय नाही. ७० किलोवॅट वीज देणारा स्टॅक जवळपास तेवढीच उष्णता तयार करतो आणि ती बहुतेक सगळी रेडिएटरमधूनच काढावी लागते. वर पंचाईत अशी की स्टॅक ६० ते ८० अंशांवर चालतो. डिझेलचं कूलंट नव्वदीच्या पुढे असतं. रेडिएटर किती उष्णता टाकेल हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. बाहेर २५ अंश असताना ८० अंशांच्या कूलंटला ५५ अंशांचा फरक मिळतो, ४५ अंशांत फक्त ३५. तोच रेडिएटर मे महिन्यात जवळपास ६४ टक्केच काम करतो. त्यात तो बहुधा छतावर, तापलेल्या पत्र्याला लागून बसवलेला. मग कंट्रोलर काय करतो? स्टॅकची ताकद उतरवतो आणि भार बॅटरीवर टाकतो. बॅटरी संपत आली की बस रांगायला लागते, नेमकी एसीची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हा.

उपाय अवघड नाही, फक्त खरेदीआधी मागायला हवा: मोठा रेडिएटर, मोठे पंखे, आणि ४८ अंशांच्या हवेत पूर्ण एसी चालवून स्टॅक किती किलोवॅट सलग देतो याची चाचणी. थंड देशातल्या बसचं प्रमाणपत्र इथे कामाचं नाही.

दुसरा त्रास कोरड्या हवेचा. पडद्यातून प्रोटॉन जायला तो ओलसर लागतो. मे महिन्यातल्या दुपारी हवेत ओलावा नावालाच असतो. हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर कमी पडला तर पडदा सुकतो, अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज घसरतं आणि पुन्हापुन्हा सुकण्या-भिजण्यात पडद्याला चिरा जातात.

तिसरा धुळीचा आणि धुराचा. स्टॅकला नुसता कागदी फिल्टर पुरत नाही. सल्फर डायऑक्साइड आणि अमोनिया अडवणारा कार्बनचा थर असलेला फिल्टर लागतो. कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रांच्या बाजूचे मार्ग, कचऱ्याच्या डेपोजवळचे मार्ग, नाल्याकाठचे रस्ते इथे तो लवकर संपतो. बदलण्याची मुदत किलोमीटरवर न ठेवता तासांवर आणि मार्गानुसार ठेवावी. कार्बन फिल्टर फुंकर मारून साफ होत नाही, तरी डेपोत तसं करणारे भेटतीलच.

हायड्रोजन हे स्वच्छ इंधन, मग तो कुठूनही घेतला तर काय बिघडतं?

सगळंच बिघडतं. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाणी फोडणारं यंत्र, ५० ते ५५ युनिट घेतो. दाब वाढवायला आणखी तीन-चार. ५८ युनिट धरू. १०० किलोमीटरला १० किलो म्हणजे किलोमीटरमागे ५.८ युनिट. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, कारण वीज मुख्यतः कोळशाची. म्हणजे किलोमीटरला चार किलो. लिटरमागे तीन किलोमीटर देणारी एसी डिझेल बस किलोमीटरला ०.९ किलो सोडते.

थोडक्यात, कोराडीची वीज घेऊन बनवलेल्या हायड्रोजनवर बस चालवली तर ती डिझेलपेक्षा चौपट वाईट. रस्त्यावर पाण्याची वाफ आणि चिमणीतून चौपट कार्बन. बॅटरी बससुद्धा कोळशाच्या विजेवर कार्बनच्या हिशेबात डिझेलपेक्षा सरस ठरत नाही, पण धूर वस्तीतून हलतो. हायड्रोजनच्या वाटेने मात्र त्याच कामाला तिप्पट कोळसा लागतो.

नैसर्गिक वायूपासून काढलेला हायड्रोजन घेतला तर किलोमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे पुन्हा डिझेलइतकंच. खत कारखाने आणि रिफायनऱ्यांत हाच वापरतात.

भारत सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनची व्याख्या ठरवली: एक किलो हायड्रोजनमागे २ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड नको. पाण्यापासून काढताना ही अट सौर, पवन अशा अक्षय विजेवरच पाळता येते. बायोमासची वाटही व्याख्येत आहे. पुरवठादाराशी बोलताना ‘ग्रीन आहे साहेब’ एवढ्यावर विश्वास ठेवू नये. कुठल्या प्रकल्पाची वीज, कोणत्या तासांत, किती युनिट, याचा हिशेब मागावा.

२० बसच्या डेपोला काय काय लागेल?

हिशेब सोपा आहे, कोणीही करून पाहावा.

२० बस, रोज प्रत्येकी २०० किलोमीटर, १०० किलोमीटरला १० किलो: दिवसाला ४०० किलो हायड्रोजन. त्याला रोज २३,२०० युनिट. विदर्भात एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४,००० ते ४,५०० युनिट देतो. म्हणजे साडेपाच मेगावॅट सौर पॅनेल आणि मेगावॅटमागे चार एकर धरले तर वीस-बावीस एकर जमीन. शहरातल्या डेपोत एवढी जागा नसते, म्हणून वीज बाहेरून ओपन अ‍ॅक्सेसने (दूरच्या प्रकल्पाकडून थेट विकत घेऊन ग्रिडच्या तारांवरून) आणावी लागते किंवा हायड्रोजनच बाहेरून आणावा लागतो.

इलेक्ट्रोलायझर दिवसात २० तास चालला तर एक मेगावॅटच्या थोडा वरचा पुरतो. नुसत्या उन्हावर चालवायचा तर तेवढंच उत्पादन साडेचार तासांत उरकावं लागतं, म्हणून पाच मेगावॅटच्या आसपासचा लागतो. यंत्र चार-पाचपट महाग आणि उरलेला दिवस रिकामं. पावसाळ्यात ढग दहा-दहा दिवस हटत नाहीत. तेव्हाची सोय वेगळी.

बाहेरून आणायचा तर २०० बारचा स्टीलच्या नळकांड्यांचा ट्रेलर एका खेपेला ३०० ते ४०० किलो आणतो, तोही पूर्ण उतरत नाही. म्हणजे रोज किमान एक ट्रेलर डेपोत उभा आणि दुसरा वाटेवर. एक दिवस तो घाटात किंवा आंदोलनात अडकला तर सकाळच्या फेऱ्या बंद. साठा निदान दोन दिवसांचा ठेवावा.

याच ४,००० किलोमीटरना बॅटरी बसचा ताफा एसी आणि चार्जरची तूट धरूनही साडेसात हजार युनिटांच्या आत-बाहेर भागवतो. पुढे मार्गांचं बोलताना हा आकडा लक्षात ठेवा.

एवढं पाणी कुठून आणणार?

पाण्याचा बाऊ उगाच होतो. रासायनिक हिशेबाने किलोमागे ९ लिटर, प्रत्यक्षात १० लिटर शुद्ध पाणी. ४०० किलोला ४,००० लिटर. आरओमध्ये वाया जाणारं धरून सहा ते आठ हजार लिटर, शिवाय कूलिंगचं थोडं. एक मोठा टँकर. भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडी आणि खापरखेडा वीज केंद्रांना जातंच; तशाच पाण्यावर आणखी प्रक्रिया करून इलेक्ट्रोलायझर चालू शकतो. फक्त त्याला क्षारविरहित पाणी लागतं. आरओनंतर उरलेले क्षार काढणारा आयन एक्स्चेंज चुकवला तर क्षार यंत्राच्या पडद्यात जाऊन बसतात आणि यंत्राची क्षमता कायमची घटते.

गॅस भरायची पद्धत सीएनजीसारखीच आहे का?

दिसायला तशी, पण शिस्त जास्त. प्रवासी उतरवायचे, हँडब्रेक लावायचा, गाडी बंद, अर्थिंगची क्लिप लावायची. मग नोझल आणि गाडीचं तोंड दोन्ही पाहायचं: आत धूळ नको, पाण्याचा थेंब नको, ओ-रिंग फाटलेली नको. हायड्रोजनचं नोझल सीएनजीच्या तोंडात बसतच नाही, मुद्दामच तसं बनवलेलं असतं. नोझल लॉक झालं की स्टेशन आधी थोडा गॅस सोडून दाब टिकतो का ते पाहतं. गळती नसेल तरच पुढे भरणं सुरू. ३० किलोला दहा-पंधरा मिनिटं.

आता उन्हाळ्याची गोष्ट. गॅस दाबून भरला की टाकीतला गॅस तापतो. टाकीची मर्यादा ८५ अंश. सकाळी १५ अंशांवरून सुरुवात केली तर वाव भरपूर असतो. मे महिन्यात दुपारी उन्हात उभी असलेली टाकी पन्नाशीवरूनच सुरू होते. मग स्टेशन वेग कमी करतं किंवा मध्येच थांबतं, आणि टाकी थंड झाल्यावर दिसतं की भरलं कमीच. तापलेल्या गॅसचा दाब जास्त दिसतो म्हणून ‘३५० दाखवत होतं, फुल होती’ हे ड्रायव्हरचं म्हणणं खोटं नसतं. पण भरवसा दाबावर ठेवायचा नसून किलोवर ठेवायचा. स्टेशन तापमानानुसार दुरुस्ती करतं आणि गरम टाकीत दाब ४३७ बारपर्यंत जाऊ देतं, ते मानकात बसतं.

व्यवहारात दोन गोष्टी करा. भरणं रात्री अकरा ते पहाटे पाच यात उरका. आणि स्टेशनवर गॅस आधी थंड करणारा प्रीकूलर घ्या, स्वस्तात पडतं म्हणून तो वगळू नका. प्रीकूलर आला की पावसाळ्यात नवी कटकट: दमट हवेतलं पाणी गार नोझलवर गोठतं आणि नोझल गाडीला चिकटून बसतं. हातोडी नाही, ओढाताण नाही. दोन-चार मिनिटं थांबायचं आणि कोरडा नायट्रोजन फुंकायचा, सुटतं.

आणखी एक. पहिली बस पटकन भरते, पाचवी रखडते. साठवणीच्या टाक्यांतला दाब उतरतो आणि कॉम्प्रेसर तो पुन्हा चढवेपर्यंत वाट पाहावी लागते. निविदेत ‘एक बस किती मिनिटांत’ असं न लिहिता ‘सलग दहा बस किती तासांत’ असं लिहावं.

डोक्यावर हायड्रोजन घेऊन फिरायचं म्हणजे बॉम्बच नाही का?

३० किलो हायड्रोजनमध्ये साधारण १,००० युनिट ऊर्जा असते, म्हणजे जवळपास १०० लिटर डिझेलइतकी. प्रमाण नेहमीच्या बसएवढंच, स्वभाव वेगळा.

वाईट बाजू आधी. हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या विस्तीर्ण पट्ट्यात तो पेटतो. पेटवायला ०.०२ मिलिज्यूल पुरतात, सिंथेटिक कपड्यांच्या घर्षणातली ठिणगीही पुरेशी. वास नाही, सीएनजीत घालतात तसं वासाचं रसायन घालता येत नाही, कारण त्यातल्या सल्फरने स्टॅक बाद होतो. आणि ज्योत दिवसा जवळपास दिसत नाही. जुन्या काळी हायड्रोजनच्या प्लांटमध्ये कामगार लांब दांड्याचा गवती झाडू पुढे धरून चालत. झाडू पेटला की समजायचं, ज्योत इथे आहे. आता थर्मल कॅमेरा आणि अतिनील किरणं ओळखणारे डिटेक्टर आहेत, पण डेपोत झाडू ठेवायला हरकत काहीच नाही.

चांगली बाजू: तो हवेपेक्षा चौदापट हलका आहे. उघड्यावर गळला तर वर निघून जातो, डिझेलसारखा गाडीखाली साचत नाही किंवा एलपीजीसारखा गटारात उतरत नाही. प्रत्येक सिलिंडरला उष्णतेने उघडणारा झडपेचा बंदोबस्त असतो: सुमारे ११० अंशांना तो उघडतो आणि गॅस ठरलेल्या दिशेला सोडून देतो, सिलिंडर फुटत नाही.

म्हणून धोका रस्त्यावर कमी, छपराखाली जास्त. सीएनजीसाठी बांधलेलं वर्कशॉप तसंच वापरू नका. छताच्या सर्वांत उंच कडेला हवा जायला मोकळी फट हवी. तुळयांमधले बंद खण नकोत. दिवे आणि पंखे फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेरचा गॅस पेटवू न देणारे), सेन्सर छताला आणि अलार्म १ टक्क्याला, म्हणजे पेटण्याच्या खालच्या मर्यादेच्या चौथाईला. वेल्डिंग करायची असेल तर गाडी आधी मोकळ्या जागेत गॅसमुक्त करायची.

आग लागलीच तर गॅसची ज्योत विझवायला धावू नये. आधी पुरवठा बंद करायचा. ज्योत विझवली आणि गॅस चालूच राहिला तर तो साचतो, आणि पुढचा भडका पहिल्यापेक्षा मोठा. तोवर आजूबाजूच्या टाक्यांवर पाणी मारून त्या थंड ठेवायच्या. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरातच आहे, महापालिकेच्या अग्निशमन दलाचं प्रशिक्षण शहराबाहेर पाठवायची गरज नाही.

मोठे अपघात झाले ते कशामुळे?

दोन लक्षात ठेवण्याजोगे आहेत, दोन्ही २०१९ चे, आणि दोन्हींत बसचा संबंध नाही. जूनमध्ये नॉर्वेत सांडविका इथल्या भरणा केंद्रावर स्फोट झाला. उच्च दाबाच्या टाकीच्या प्लगचे बोल्ट जोडणीच्या वेळी ठरल्याप्रमाणे आवळलेले नव्हते, तिथून गॅस सुटला. मे महिन्यात दक्षिण कोरियात गांगनुंग इथे हायड्रोजनची साठवण टाकी फुटून दोघांचा जीव गेला. टाकीत हायड्रोजनसोबत ऑक्सिजन शिरला होता.

हा दुसरा अपघात आपल्याला जास्त लागू आहे. इलेक्ट्रोलायझर कमी भारावर चालला की ऑक्सिजन-हायड्रोजनची सरमिसळ वाढते, आणि सौर विजेवर तो रोज सकाळ-संध्याकाळ कमी भारावरच असतो. म्हणून किमान भाराची मर्यादा, ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आणि तो वाढला की आपोआप बंद होण्याची सोय, या तिन्हींत काटकसर नको. पहिल्याचा धडा साधा: टॉर्क रेंच, आणि आवळलेल्या प्रत्येक बोल्टची सही असलेली नोंद.

परवानगी कोण देतं?

पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो. तिचं मुख्यालय नागपुरातच आहे. देशभरातले अर्जदार इथे येतात. सिलिंडर आणि भरणा यांना गॅस सिलिंडर नियम २०१६ लागू, स्थिर दाबपात्रांना त्याच वर्षीचे स्थिर व फिरती दाबपात्रे नियम. आधी आराखड्याला पूर्वमंजुरी, मग बांधकाम, मग तपासणी आणि परवाना. बांधून झाल्यावर आराखडा दाखवायला जाणाऱ्यांची अंतरांच्या नियमात अडचण होते: भिंत पाडावी लागते किंवा टाकी हलवावी लागते. बसला एआयएस-१५७ हे हायड्रोजन फ्युएल सेल वाहनांचं भारतीय मानक लागू आहे.

गाड्या नेमक्या कशाने बंद पडतात?

स्टॅकने क्वचितच. आजूबाजूच्या गोष्टींनी जास्त. हवेचा कॉम्प्रेसर, कूलंट पंप, डीसी-डीसी कन्व्हर्टर, गळतीचा सेन्सर खोटा ओरडणं.

कूलंटचं वेगळं सांगायला हवं. स्टॅकमधून फिरणारं कूलंट वीज वाहून न नेणारं लागतं, वाहकता साधारण ५ मायक्रोसीमेन्सच्या खाली. त्यासाठी सर्किटमध्ये रेझिनचा कार्ट्रिज असतो. पातळी कमी दिसली म्हणून कोणी दुकानातलं हिरवं कूलंट किंवा नळाचं पाणी ओतलं की काही मिनिटांत इन्सुलेशनचा फॉल्ट येतो आणि गाडी उच्च व्होल्टेज तोडून जागच्या जागी उभी राहते. मग पूर्ण सर्किट धुणं, कार्ट्रिज बदलणं, दोन दिवस. झाकणाला कुलूप लावा.

दुसरं, गॅसची शुद्धता. मानक ९९.९७ टक्के, पण खरी मेख उरलेल्या अंशात: कार्बन मोनॉक्साइड ०.२ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), अमोनिया ०.१ पीपीएम, सल्फर ०.००४ पीपीएम. कार्बन मोनॉक्साइडने मंदावलेला स्टॅक शुद्ध गॅसवर सावरतो. सल्फरने मार खाल्लेला सहसा सावरत नाही. एकाच दिवशी भरलेल्या तीन-चार गाड्यांचं व्होल्टेज एकदम घसरलं तर गाड्या उघडत बसू नका, गॅसचा नमुना तपासायला पाठवा.

स्टेशनवर सगळ्यात जास्त त्रास कॉम्प्रेसरचा. तो एकच असेल तर सगळा ताफा त्यातल्या एका पातळ पडद्यावर, डायफ्रामवर, लटकलेला असतो. दोन घ्या.

स्टॅकचं आयुष्य २०-२५ हजार तास धरलं आणि बस रोज १६ तास, वर्षात ३०० दिवस चालली, तर चार-पाच वर्षांत बदल. बसच्या आयुष्यात किमान एकदा हा खर्च येणारच, तो पहिल्याच हिशेबात मांडा.

किलोमीटरमागे खर्च किती?

वीज ५ रुपये युनिट धरली तर किलोमीटरला नुसत्या विजेचे २९ रुपये, ८ रुपये धरली तर ४६. यात इलेक्ट्रोलायझर, कॉम्प्रेसर, माणसं, काहीच नाही. डिझेल ९० रुपये लिटर आणि लिटरमागे तीन किलोमीटर म्हणजे ३० रुपये. ८ रुपयांच्या विजेवर बॅटरी बस १५ रुपयांत. आकडे बदलतील, क्रम एवढ्यात बदलेलसं दिसत नाही.

परदेशात चालतात ना मग?

चालतात आणि बंदही पडतात. कॅनडात व्हिसलरला २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी २० बस आल्या. हायड्रोजन ट्रकने थेट क्युबेकहून यायचा. २०१४ मध्ये सेवा थांबली. फ्रान्समधल्या माँपेलिएने २०२२ मध्ये ५१ बसची योजना सोडली: किलोमीटरला हायड्रोजनचे ९५ सेंट, विजेचे १५. जर्मनीत वीसबाडेनने त्याच वर्षी नाद सोडला, तर कोलोन परिसरात ताफा शंभरच्या वर गेला. बंद पडलेल्या ठिकाणी बसला दोष देणारे फार नाहीत. इंधनाचा भाव किंवा भरणा केंद्र, यातलंच काहीतरी आडवं आलेलं दिसतं.

भारतात कुठवर आलं आहे?

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन ४ जानेवारी २०२३ ला मंजूर झालं, तरतूद १९,७४४ कोटी. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने देशी बस दाखवली. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत इंडियन ऑइलच्या बस निघाल्या. मार्च २०२५ मध्ये केंद्राने ३७ गाड्या आणि ९ भरणा केंद्रांचे पथदर्शी प्रकल्प मंजूर केले. महाराष्ट्रातला मार्ग पुणे-मुंबई. त्या ३७ मधल्या १५ फ्युएल सेलच्या, २२ हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनाच्या. यांच्या चालू आकड्यांवर नजर ठेवणं हे स्वतः घाईने निविदा काढण्यापेक्षा स्वस्त आहे.

हायड्रोजन इंजिन किंवा एचसीएनजी नको का?

इंजिन स्वस्त, कमी शुद्ध गॅसवर चालतं, मेकॅनिकला ओळखीचं. पण इंधन जास्त खातं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड सोडतं. एचसीएनजीत, म्हणजे हायड्रोजन मिसळलेल्या सीएनजीत, १८ टक्के हायड्रोजन असतो हे खरं, पण ते आकारमानाने. ऊर्जेने मोजलं तर जेमतेम ६ टक्के.

मग नागपुरात कुठल्या मार्गावर ही बस शोभेल?

शहरात नाही. बर्डी-हिंगणा, बर्डी-पारडी अशा फेऱ्यांत बस दिवसाला दोनशे किलोमीटर करते आणि रात्री डेपोत परतते. तिथे बॅटरी बस एक तृतीयांश विजेत तेच काम करते.

विचार करावा तो लांबच्या मार्गांचा. नागपूर-अमरावती किंवा नागपूर-चंद्रपूर जाऊन-येऊन ३०० किलोमीटर. एकदा भरली की एका टोकाच्या केंद्रावर भागतं, आणि मधे दोन तास चार्जिंगला उभं राहावं लागत नाही. समृद्धी महामार्ग आकर्षक वाटतो, पण ७०१ किलोमीटर एका टाकीत होत नाहीत. वाटेत निदान दोन केंद्रं लागतील, आणि ती एसटीच्या चार बसवर तगणार नाहीत, ट्रकही हवेत. तोवर पाच-सहा बसचा आंतरजिल्हा प्रयोग, सौर विजेचा लेखी करार हातात असेल तरच.

करारात काय लिहून घ्यावं?

२०१४ मध्ये देशातली पहिली इथेनॉल बस नागपुरातच धावली आणि २०१८ मध्ये तो ताफा पैशांच्या आणि कराराच्या वादात उभा राहिला. म्हणून बसचा आणि इंधनाचा करार वेगळा करू नका. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा राहते. देयक हायड्रोजनच्या किलोवर न लावता धावलेल्या किलोमीटरवर लावा, म्हणजे गळती आणि तूट पुरवठादाराच्या खिशातून जाईल. केंद्र बंद राहिल्यास पर्यायी बस कोण देणार ते लिहा. स्टॅक किती तासांनी किती व्होल्टेज गमावल्यावर फुकट बदलायचा, तो आकडा घाला. ४८ अंशांतली चाचणी एप्रिल-मे महिन्यात, नागपुरातच आणि भर दुपारी घ्यावी. पुरवठादार ती डिसेंबरमध्ये उरकू म्हणाला तर पहिला हप्ता रोखून ठेवा.